दोन थेंब

बुधवार, रात्र

आज आईशी खोटं बोलले. चार शब्दांचं खोटं. कुणाचं काही बिघडलं नाही, पण संध्याकाळपासून ते घशात अडकून बसलंय. साडेअकरा वाजून गेले. लिहून तरी उतरतंय का बघते.

दुकानातून निघायला साडेसात झाले. गुलमंडीवर लग्नाच्या बस्त्यांची गर्दी. पैठणगेटपर्यंत स्कूटी म्हणजे नुसती पायानं ढकलत आणायची. दिवसभराचं ऊन डांबरात मुरलेलं, ते आता खालून वर येत होतं. पुढे चौकात आले तर कारंजं चालू. ते रोज चालू असतं असं नाही, आणि असलं तरी मी कधी मान वळवून बघत नाही. 2023 च्या फेब्रुवारीत डब्ल्यू-20 च्या, म्हणजे जी-20 च्या महिला गटाच्या, बैठकीला परदेशी पाहुण्या येणार म्हणून सगळं औरंगाबाद सजलं होतं, भिंती रंगल्या होत्या, तेव्हा सगळे फोटो काढायला जायचे. मी तेव्हाही गेले नव्हते. तेव्हा अण्णांचं ते सगळं चालू होतं.

आज काय झालं कुणास ठाऊक, गाडी बाजूला घेतली. हेल्मेट काढलं आणि कठड्याला टेकून उभी राहिले. वारा माझ्या बाजूला होता. पाण्याची धार वर जायची, वर जाऊन क्षणभर थांबल्यासारखी व्हायची, मग फुटायची, आणि तो सगळा भुगा माझ्या तोंडावर, मानेवर. चष्म्यावर थेंब जमले. प्रत्येक थेंबात खालचा दिवा उतरलेला, आधी लाल, मग हिरवा, मग निळा. दोन थेंब एकमेकांत मिसळले आणि काचेवरून खाली घरंगळत गेले, तेवढी एक स्वच्छ रेघ राहिली. त्या रेघेतून पलीकडचा पाणीपुरीवाला दिसत होता. काच पुसावीशी वाटली नाही. दहा मिनिटं झाली असतील, पंधरासुद्धा झाली असतील.

मला फार बरं वाटलं. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढं सगळा गोंधळ त्याचाच आहे.

घरी आले तर आई ओट्यावर बसलेली. "नळ नाई आले गं आजबी. आठवा दिवस." मग तिचं लक्ष ओढणीकडं गेलं. "भिजली कामून? पाऊस येऊ लागला का तिकडं?"

मी म्हणाले, "हो, दोन थेंब आले."

आणि आई उठली. गुडघ्यावर हात दाबून उठते तशी उठली. मी चपला काढेपर्यंत जिना चढून वर गेलेली. वरून आवाज आला, रिकाम्या बादल्या गच्चीच्या फरशीवर ओढत नेण्याचा. पन्हाळीखाली नेऊन ठेवल्या तिनं दोन्ही. एवढ्यावर थांबली नाही, जुना पत्र्याचा टोपही मांडला. खाली येऊन म्हणाली, "अवकाळी आला तर येऊ दे बाई, भांडे-कपडे तरी निघतेत."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी तोंड धुवायला गेले. एका तांब्यात.

खरं का सांगितलं नाही, हेच कळत नाही. आई रागावली नसती. ती रागावणारी बाईच नाही. कारंज्यापाशी उभी होते, एवढंच तर सांगायचं होतं. त्यात लपवण्यासारखं काय आहे? कुणाला भेटायला गेले नव्हते, पैसे उडवले नव्हते. पण तोंडातून शब्द निघेना. आपल्या घरात आठ दिवस नळ आले नाहीत, आणि मी पाणी नुसतं बघत उभी राहिले, आणि मला ते आवडलं. हे आईला कोणत्या तोंडानं सांगू?

लातूरची आत्या आठवली. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी आणि त्यात पाच लाख लिटर. आपण सगळे टीव्हीसमोर बसून बघत होतो. आत्या तेव्हा इथं राहायला आलेली. मोठ्या परातीत बसून अंघोळ करायची आणि परातीतलं पाणी बादलीत काढून ठेवायची. आई म्हणायची, "अहो वन्सं, इथं हाय की पाणी." आत्या म्हणायची, "हाय तवर." तिला आज संध्याकाळी कारंज्यापाशी उभं केलं असतं तर ती काय म्हणाली असती, ते मला ऐकू येतं.

पण मग मलाच चीड येते. कुणाचं काय खाल्लं मी? कारंज्याचं पाणी तेच ते असतं. खाली हौद, हौदात पंप, वर उडालेलं पुन्हा खालीच. वाऱ्यानं उडतं आणि उन्हानं वाफ होते तेवढी भर घालायची. ते बंद केलं म्हणून आमच्या गल्लीत नळ एक दिवस आधी येणार नाहीत. पैठणच्या धरणाचा नाथसागर 50 किलोमीटरवर आणि शहर त्याच्याहून उंचावर, म्हणजे प्रत्येक घोट पंपानं चढवून आणायचा. वीज गेली, गॅप वाढला. सातशे मिलिमीटरची पाण्याची लाइन फुटली, गॅप वाढला. हे सगळं मला पाठ आहे. लाइनमनच्या येण्याची वेळ, टँकरवाल्याचा नंबर, मोटर किती वेळ चालवली की तापते, कोणत्या ड्रमला खालून चीर आहे, सगळं मलाच पाठ असावं लागतं. दादा फोनवर विचारतो, "नळ आले का?" पुण्यात बसून विचारायला काय जातं. जाऊ दे. सदतीस वर्षांच्या बाईनं पंधरा मिनिटं नुसतं उभं राहू नये का? फुकटचं काही एक, ज्यात भरायचं नाही, उपसायचं नाही, झाकायचं नाही?

हे वाक्य लिहून झालं आणि पाणचक्की आठवली.

अण्णा रविवारी सायकलवर पुढं बसवून न्यायचे. भिंतीच्या वरून पाणी हौदात कोसळत असायचं आणि आम्ही काठावर बसायचो, तुषार येतील इतकं जवळ. अण्णा दर वेळी तेच सांगायचे. हे पाणी डोंगरातून आलंय, जमिनीखालून, खापरी नळांतून. ना पंप ना वीज, नुसत्या उताराच्या जोरावर. मलिक अंबरानं 1610 मध्ये खडकी, म्हणजे हेच आपलं औरंगाबाद, वसवली, आणि मग शहर जगवायला नहरी काढल्या. त्याच तऱ्हेनं आणलेल्या पाण्यावर ही चक्की फिरायची आणि दर्ग्यात येणाऱ्यांसाठी पीठ दळायची. मग मला खाली न्यायचे, हौदाखालच्या दालनात. डोक्यावर सगळा हौद भरलेला आणि आपण त्याच्या तळाखाली उभे. मे महिन्यातसुद्धा तिथं अंगावर काटा यायचा इतकं गार.

आज इतक्या वर्षांनी लक्षात आलं, अण्णा मला दळण बघायला नेत नव्हते. चक्कीपाशी आम्ही दोन मिनिटं थांबायचो. तासभर बसायचो ते कोसळणाऱ्या पाण्यासमोर. आणि परत निघताना हमखास म्हणायचे, "आईला म्हणावं, मंडईत उशीर झाला."

मंडईत उशीर झाला.

अरे देवा. हे मी विसरलेच होते.

अण्णा रात्री दोनला उठून नळ भरायचे, तीस वर्षं. हंडा ओसंडला तर जिवाला लागायचं त्यांच्या. हात पुढं करून ओसंडणारं पाणी ओंजळीत धरायचे आणि दुसऱ्या भांड्यात टाकायचे. त्या माणसालाही कुठंतरी जाऊन पाणी नुसतं पडताना बघावंसं वाटायचं, आणि तेही घरी सांगता येत नव्हतं. शेवटी शेवटी दवाखान्यात त्यांनी

नको.

बीबीच्या मकबऱ्यात दारापासून घुमटापर्यंत मधोमध कारंज्यांची रांग आहे. कॉलेजात असताना मी ती कोरडीच बघायचे, पाण्याऐवजी वेफर्सची पाकिटं. तेव्हा वाटायचं, बादशहांना काय, उडवायला पाणी होतं. आता वाटतं, तेही याच उन्हात राहत होते.

बारा वाजून गेले. वर बादल्या तशाच आहेत. आकाशात एक ढग नाही, मी बघून आले.

शुक्रवार, सकाळ

काल आईनं सकाळी बादल्यांत डोकावून पाहिलं. तळाला धूळ आणि एक कडुलिंबाचं पान. म्हणाली, "आभाळाचं काय गं, हुलच देतं." माझं खोटं आभाळाच्या नावावर गेलं. बादल्या तिनं काढल्या नाहीत, म्हणाली राहू दे, आज येईल. मी दिवसभर दुकानात बिलं चुकवली.

रात्री पावणेतीनला नळ आले. आधी नळातून हवा सुटली, तो सूऽऽ आवाज झोपेतही कळतो. आईला उठवलं नाही. टाकी, तिन्ही ड्रम, हंडे, कळशी, मग पातेली, मग तांबे. सव्वाचारला धार बारीक झाली. शेवटचा तांब्या घेऊन गच्चीवर गेले. मनात आलं, पन्हाळीखालच्या बादलीत हा ओतून टाकावा. सकाळी आईला वाटेल, आला होता पाऊस रात्री, पोरगी खरं बोलत होती. बादलीशी वाकलेसुद्धा. मग तांब्या तुळशीत ओतला.

सहाला आई वर आली. तुळशीची माती ओली बघून म्हणाली, "आला म्हण की रात्री!"

"पाऊस नाही आई. नळ आले होते. सगळं भरलंय."

"मला उठवायचं नाई का?"

"आणि परवाही पाऊस नव्हता. चौकात कारंजं आहे ना, तिथं उभी होते मी. त्याचे तुषार होते ते."

आईनं एक बादली उचलली, उलटी करून झटकली, पान खाली पडलं. दुसरी उचलली. मला वाटलं ती काही बोलणारच नाही. पत्र्याचा टोप काखेत धरून जिन्यापाशी गेली आणि तिथं थांबली.

"तुझे अण्णाबी जायचे पाणचक्कीला," म्हणाली. "शर्टाची बाही ओली असायची. मंडईत पाऊस पडला म्हणायचे, वैशाखात."

मी काही बोलले नाही.

"गार लागतं का गं ते, अंगावर आलं की?"

"लागतं," मी म्हणाले.

"हं," म्हणाली आणि एकेक पायरी बघत खाली उतरली.