तुम्ही विचारलंत म्हणून: एवढे चित्रपट काढायचे कशाला?

सांगलीत आम्ही काही जण महिन्यातून एक चित्रपट दाखवतो. भाड्याचा हॉल, साठ-सत्तर खुर्च्या, संपल्यावर चहा. चित्रपट कुठलाही असो, चहाच्या वेळी एक प्रश्न हमखास येतो. कधी निवृत्त प्राध्यापक विचारतात, कधी कॉलेजातला मुलगा. "मराठीत वर्षाला शंभराच्या आसपास चित्रपट निघतात, लक्षात राहतात चार. मग बाकीचे काढायचे कशाला? दहाच काढा, पण चांगले काढा की."

चहाचा कप हातात असताना मी दोन वाक्यांत काहीतरी सांगतो आणि ते कुणालाच पटत नाही. दोन वाक्यांत मावणारं ते उत्तरच नाही. त्यासाठी जपानला जावं लागतं, १९५४ सालात.

त्या वर्षी जपानमध्ये साडेतीनशेहून जास्त चित्रपट निघाले. दिवसाला एक म्हटलं तरी चालेल. त्यातले बहुतेक आज कुणाला आठवतही नाहीत. पण ३१ मार्चला दिग्दर्शक मिझोगुचीचा 'सान्शो दायू' आला. २६ एप्रिलला कुरोसावाचा 'सेव्हन सामुराई'. जूनमध्ये नारुसेचा 'उशिराची शेवंती', सप्टेंबरात किनोशिताचा 'चोवीस डोळे'. ३ नोव्हेंबरला 'गोजिरा', ज्याला आपण गॉडझिला म्हणतो. आणि २३ नोव्हेंबरला पुन्हा मिझोगुची, 'चिकामात्सु मोनोगातारी'. आठ महिनेसुद्धा पुरे होत नाहीत. तितकाच मोठा दिग्दर्शक ओझू, त्याने त्या वर्षी काही केलं नाही. त्याचा 'टोकियो स्टोरी' आदल्या नोव्हेंबरात येऊन गेला होता. म्हणजे ओझूला वगळून ही यादी आहे. मी ती पहिल्यांदा वहीत तारखांप्रमाणे मांडली तेव्हा कुठे माझं मलाच कळलं, की वर्षानुवर्षं मी हे चित्रपट सुटे सुटे पाहत आलो होतो. ते शेजारी होते हे मला दिसलंच नव्हतं.

शेजारी म्हणजे किती शेजारी? हारुओ नाकाजिमा हा तोहो कंपनीचा पगारी नट. नट म्हणजे नाव नसलेला: मारामारीत पडणारा, घोड्यावरून कोसळणारा. 'सेव्हन सामुराई'मध्ये तो एक लुटारू आहे आणि तलवारीच्या घावाखाली मरतो. त्याच वर्षी कंपनीने त्याला शंभर किलोच्या आसपास वजनाचा रबरी पोशाख चढवला आणि तो गोजिरा झाला. ताकाशी शिमुरा एप्रिलमध्ये सात सामुराईंचा म्होरक्या आहे, नोव्हेंबरात गोजिराला मारू नका म्हणणारा म्हातारा शास्त्रज्ञ. गोजिराचा दिग्दर्शक इशिरो होंडा हा कुरोसावाचा जुना मित्र. दोघे एकाच गुरूच्या, काजिरो यामामोतोच्या हाताखाली सहायक म्हणून घडले. पुढे कुरोसावाच्या 'स्ट्रे डॉग'वर होंडाने त्याचा मुख्य सहायक म्हणूनही काम केलं.

आम्ही सामुराईचा चित्रपट 'अभिजात'च्या कप्प्यात ठेवतो आणि रबरी राक्षसाचा 'पोरांसाठी'च्या. तोहोच्या आवारात असे दोन कप्पे नव्हते. माणसं तीच होती आणि दुपारी एकाच कँटीनमध्ये जेवत होती.

आता एवढे चित्रपट निघतच का होते, ते. तोहो, शोचिकू, दाइएइ, तोएइ, शिनतोहो या पाच कंपन्या होत्याच; चित्रपट काढणं बंद केलेली निक्कात्सु त्याच वर्षी पुन्हा उतरली. कंपन्यांची थिएटरं ठरलेली होती, आणि तिथला खेळ आठवड्याला बदलायचा. तोएइने त्या वर्षी मुख्य चित्रपटाला जोडून मुलांसाठी छोटे तलवारबाजीचे चित्रपट द्यायला सुरुवात केली, एका तिकिटात दोन. मग सगळ्यांनाच धावावं लागलं. महायुद्धानंतर जपानवर असलेला अमेरिकेचा ताबा १९५२च्या एप्रिलमध्ये संपला होता. तोवर तलवारीच्या गोष्टींवर बंधनं होती आणि अणुबॉम्बबद्दल उघड बोलता येत नव्हतं. सात वर्षं अडवलेलं पाणी सुटलं होतं. घरात टीव्ही जवळजवळ नव्हताच. लोक थिएटरकडे इतके लोटत होते, की पुढे १९५८ साली देशात एका वर्षात ११२ कोटींहून जास्त तिकिटं विकली गेली.

या घाईतून गोजिरा कसा निघाला ते ऐका. तोमोयुकी तानाका या निर्मात्याचा इंडोनेशियात चित्रीकरण करायचा एक मोठा चित्रपट ठरला होता. तिथल्या सरकारने व्हिसा नाकारले, चित्रपट बारगळला आणि वर्षाच्या वेळापत्रकात भलं मोठं भोक पडलं. ते बुजवायलाच हवं होतं. परतीच्या विमानात तानाकाला समुद्रातून उठणारा प्राणी सुचला. त्याच्या आधीच, १ मार्चला, अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली होती आणि 'लकी ड्रॅगन' नावाच्या जपानी मासेमारी बोटीवरच्या २३ जणांवर त्याची राख पडली होती. त्यातला एक खलाशी २३ सप्टेंबरला वारला. सहा आठवडेही झाले नाहीत तोच पडद्यावर पहिल्याच प्रसंगात एक जपानी बोट, पाण्यावर झगझगीत उजेड आणि जळणारी माणसं. थिएटरातल्या माणसाला हे काय चाललंय ते समजावून सांगावं लागलं नसेल. त्यात लोकलमधली एक बाई म्हणते, किरणोत्सर्गी मासे झाले, आता हा गोजिरा, मी काय यासाठी नागासाकीतून वाचले? होंडा स्वतः युद्धावरून परतताना बेचिराख हिरोशिमा पाहून आला होता. ९६ लाखांच्या आसपास लोकांनी हा चित्रपट पाहिला.

दहाच काढा म्हणणाऱ्या मंडळाने गोजिराला मंजुरी दिली असती का? मला नाही वाटत. सहा-सात महिन्यांत उभा करायचा, रबराचा प्राणी, खेळण्यातल्यासारख्या इमारती. कागदावर हा चित्रपट चांगल्यांच्या यादीत बसत नाही. वेळापत्रकातलं भोक आणि ते भरू शकणारी माणसं आवारात हजर, म्हणून तो झाला.

'सेव्हन सामुराई'चं उलट. कुरोसावाने मे १९५३ मध्ये चित्रीकरण सुरू केलं आणि मार्च उजाडला तरी संपेना. गावातल्या प्रत्येक माणसाचं घर, नातं, वय त्याने लिहून ठेवलं होतं आणि जमावातल्या नटांनी त्या त्या कुटुंबासारखं एकत्र राहावं असा त्याचा हट्ट होता. पैसे संपले, कंपनीने काम थांबवलं. कुरोसावा नदीवर मासे धरायला गेला. इतका पैसा ओतल्यावर कंपनी चित्रपट सोडून देणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि तसंच झालं. शेवटची पावसातली लढाई फेब्रुवारीच्या थंडीत, गुडघाभर चिखलात, एकाच वेळी अनेक कॅमेरे लावून झाली. आता बघा, हा हट्ट पोसला कुणी? दर आठवड्याला साधे, स्वस्त, वेळेत पूर्ण होणारे चित्रपट थिएटरात जात होते म्हणून कंपनी एवढा हट्ट झेलू शकली. त्या विसरलेल्या चित्रपटांवर काम करून हात बसलेले घोडेस्वार, तलवारबाज, पाऊस पाडणारे, चिखलात दिवे धरणारे लोक होते म्हणून ती लढाई उभी राहिली. ते साडेतीनशे बाजूला काढा, आणि हा एक उरत नाही.

त्या वर्षी जपानच्या समीक्षकांनी मात्र याला तिसरा नंबर दिला. 'किनेमा जुन्पो' मासिकाच्या यादीत पहिले दोन्ही चित्रपट किनोशिताचे होते, आणि पहिला होता 'चोवीस डोळे'.

हा मी दोनदा दाखवलाय आणि यापुढेही दाखवीन. साकाए त्सुबोई यांच्या कादंबरीवरून केलेला. शोदो बेटावरच्या शाळेत १९२८ साली ओइशी नावाची तरुण शिक्षिका सायकलवरून येते. पाश्चात्त्य कपडे, सायकल, सगळं गाव टकामका बघतं. पहिलीत बारा मुलं, म्हणून चोवीस डोळे. ओइशी म्हणजे मोठा दगड. बाई दिसायला लहानखुऱ्या, म्हणून मुलं त्यांना 'कोइशी', खडा, म्हणतात. मग अठरा वर्षं जातात. मुली शाळा सोडून कामाला जातात, मुलगे युद्धावर. मुलं मोठी झालेली दाखवायची तेव्हा चेहरे जुळावेत म्हणून किनोशिताने खरोखरीची भावंडं शोधून भूमिका दिल्या. त्यामुळे पडद्यावर तेच डोळे मोठे झालेले दिसतात, आणि प्रेक्षकालाही शिक्षिकेसारखंच 'अरे, हा तो' असं होतं.

युद्ध संपतं. उरलेले विद्यार्थी बाईंना जेवायला बोलावतात. त्यातला एक युद्धात आंधळा झालाय. पहिलीतल्या वर्गाचा फोटो हातोहात फिरतो आणि त्याच्याकडे येतो. तो फोटोवर बोट ठेवून एकेकाचं नाव सांगत जातो, हा इथे बसलाय, ही त्याच्या शेजारी. बोट किंचित चुकतं. कुणी सुधारत नाही.

आमच्याकडे हा शो संपला तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई खुर्चीवरून उठल्याच नाहीत. मी चहा घेऊन गेलो. म्हणाल्या, "माझ्या पहिल्या वर्गात अठरा होती." एवढंच. दिल्लीत त्याच १९५४ साली पहिले राष्ट्रीय पुरस्कार दिले गेले आणि राष्ट्रपतींचं सुवर्णपदक 'श्यामची आई'ला मिळालं, हे मी त्यांना सांगणार होतो. नाही सांगितलं.

मिझोगुचीबद्दल मी एकच गोष्ट सांगतो, नाहीतर लेख त्याचाच होईल. त्या एका वर्षात त्याने तीन चित्रपट केले, तिन्ही दाइएइसाठी, तिन्हींचा कॅमेरा काझुओ मियागावाचा. 'सान्शो दायू'मध्ये बहीण भावाला पळून जाता यावं म्हणून तळ्यात चालत जाते. आपल्याला ती बुडताना दिसत नाही. फक्त पाण्यावर वर्तुळं पसरत राहतात. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्या वर्षी 'रुपेरी सिंह' हा पुरस्कार चार चित्रपटांत वाटला गेला आणि त्यात 'सान्शो दायू' आणि 'सेव्हन सामुराई' दोन्ही होते. असा माणूस वर्षाला तीन करतो, आणि आपण चांगलं काम म्हणजे पाच वर्षांतून एकदा होणारं काम असं धरून चालतो.

हे सगळं गोड नव्हतं. कंपन्यांनी १९५३च्या सप्टेंबरात आपसात करार केला की एकमेकांचे नट आणि दिग्दर्शक घ्यायचे नाहीत. म्हणजे पगार होता, पण दार बाहेरून बंद. मला ती पद्धत परत यावी असं वाटत नाही. पण पगार होता, उद्याही काम होतं आणि शेजारी आपल्यापेक्षा जाणता माणूस होता, या तीन गोष्टी मला सोडवत नाहीत.

आपल्याकडे हे नव्हतं असंही नाही. कोल्हापुरात १९२९ साली निघून पुढे पुण्याला गेलेली प्रभात अशीच महिन्याच्या पगारावर चालायची. 'संत तुकाराम' दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केला. एक ध्वनी सांभाळणारे, दुसरे कलादिग्दर्शन. कारखान्यातल्याच माणसांनी केलेला तो चित्रपट. म्हणून शंभर चित्रपट निघतात याचं मला दुःख नाही. शंभरातला जवळजवळ प्रत्येक चित्रपट पहिला आणि शेवटचा असल्यासारखा निघतो, माणसं जमतात, पांगतात, पुन्हा भेटत नाहीत, याचं आहे. अपयशी चित्रपटावर शिकलेला कॅमेरामन पुढच्या चित्रपटाला हजर नसेल तर ते अपयश निव्वळ वाया जातं. दहाच काढा म्हणणाऱ्यांना मला उलट विचारायचं असतं, की अकरावा चित्रपट करून हात बसवणारी मुलगी मग कुठे शिकेल?

शेवटी फुमिओ हायासाकाबद्दल सांगायलाच हवं. 'सेव्हन सामुराई', 'सान्शो दायू', 'चिकामात्सु मोनोगातारी' या तिन्हींच्या संगीतात तो आहे. गोजिराचं संगीत आकिरा इफुकुबेचं, तो हायासाकाचा होक्काइदोतला जुना मित्र. राळ लावलेला कातडी हातमोजा डबल बेसच्या, म्हणजे व्हायोलिनसारख्या पण माणसाएवढ्या उंच वाद्याच्या, तारेवर घासून गोजिराचा आवाज निघाला, तो इफुकुबेच्या कल्पनेतून. सामुराईंची धून हायासाकाने कुरोसावाला आधी ऐकवलीच नव्हती, असं सांगतात. बाकीच्या सगळ्या नापसंत झाल्यावर टाकून दिलेल्या कागदांतून ती काढली. हायासाकाला क्षय होता. बिकिनीच्या चाचण्यांनंतर त्याच्या मनात बसलेली मरणाची भीती त्याने कुरोसावाला बोलून दाखवली आणि त्यातून कुरोसावाचा पुढचा चित्रपट निघाला. त्याचं संगीत करता करता ऑक्टोबर १९५५ मध्ये, ४१व्या वर्षी, हायासाका गेला. उरलेलं काम त्याच्या हाताखाली शिकणाऱ्या मासारू सातोने पूर्ण केलं. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या गोजिराचं संगीतही सातोचंच होतं.