निर्जंतुक आहे ना, मग थांबता कशाला?

शरीरात टोचायचं कोलॅजनचं जेल तपासायचं काम मी करते हे कळलं की ओळखीचे लोक हमखास विचारतात, "ते कोलॅजनचं जेल निर्जंतुक करूनच भरता ना? मग पुन्हा इतके महिने तपासता काय?" तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

शरीरात सोडायचं कोलॅजन हे प्रथिन, पुष्कळदा गाईच्या कातडीतून काढलेलं. शस्त्रक्रियेची हत्यारं ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात, १२१ अंशांवर ठेवतात. कोलॅजन तिथे ठेवलं तर त्याचा तीन पदरांचा पीळ सुटतो आणि हाती जिलेटिन उरतं. गॅमा किरणांनी जंतू मरतात, पण कोलॅजनच्या साखळ्याही तुटतात. म्हणून बरेचदा द्रावण पातळ असतानाच ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं आणि पुढची प्रत्येक पायरी निर्जंतुक वातावरणात सांभाळायची. शेवटी एकदा तापवून निर्धास्त व्हायची सोय इथे नाही.

चाचणी ऐकायला सोपी आहे. नमुना दोन माध्यमांत, म्हणजे जंतू वाढवणाऱ्या पोषक द्रावणांत घालायचा, थायोग्लायकोलेट ३०-३५ अंशांवर आणि सोयाबीन-केसीन २०-२५ अंशांवर, आणि १४ दिवस बघायचं. माध्यम गढूळ झालं की काहीतरी वाढतंय. पण हे कोलॅजन उबेला ठेवलं की आपणहून तंतू धरतं आणि पांढरं पडतं! मी पहिल्यांदा नळी उजेडात धरली तेव्हा तळाचा दुधाळ ढग बघून पोटात गोळा आला होता. नळी हळूच कलती केली, तर तो ढग सायीसारखा अख्खा सरकला. जंतूंची वाढ असती तर बहुधा धुरासारखी उठली असती. तरी नजरेवर भरवसा ठेवून निकाल देता येत नाही. चौदाव्या दिवशी त्यातला थोडा भाग ताज्या माध्यमात घालायचा आणि दोन्ही नळ्या आणखी किमान ४ दिवस ठेवायच्या.

जंतू नाहीत एवढ्यावरही भागत नाही. मेलेल्या जंतूंच्या भिंतींचे तुकडे, म्हणजे एंडोटॉक्सिन, फिल्टरमधून आरपार जातात आणि माणसाला ताप आणतात. त्याची चाचणी वेगळी.

आणि खरा वेळ जातो तो पुढे, कारण शरीर हे जेल आपलं मानतं का, हे कुठलीच नळी सांगत नाही. आधी जेलचा अर्क उंदराच्या एल-९२९ पेशींवर घालतो. ७० टक्क्यांहून कमी पेशी तगल्या तर तो अर्क विषारी धरतात. मग जेल प्राण्याच्या कातडीखाली सोडून आठवडे मोजायचे. ही चाचणी मी कधीच घाईने आखू देत नाही. आखणी चुकली तर तेवढेच जीव पुन्हा लागतात, आणि ते मला सहन होत नाही.

तिथल्या ऊतीचा पातळ काप काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. पहिल्या आठवड्याच्या स्लाइडवर दाह दिसतोच, नुसत्या सुईनेही तो होतो. म्हणून शेजारी तुलनेचा नमुना हवाच. बाराव्या आठवड्याची स्लाइड खरं बोलते. जेलभोवती जाड तंतुमय कवच, लिम्फोसाइट या प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींची गर्दी, अनेक केंद्रकांच्या महाकाय पेशी दिसल्या, तर शरीराने ते परकं ठरवलंय. जेलच्या आत फायब्रोब्लास्ट, म्हणजे नवी ऊती विणणाऱ्या पेशी, शिरलेल्या आणि मधूनच एखादी बारीक नवी रक्तवाहिनी दिसली, की मी स्लाइड पुन्हा पुन्हा बघते.

एवढं करूनही माणसागणिक उत्तर बदलतं. गाईच्या कोलॅजनचं झायडर्म हे सुरकुत्या भरायचं इंजेक्शन अमेरिकेत १९८१ मध्ये मंजूर झालं, तेव्हा आधी हाताच्या कातडीत एक थेंब टोचून चार आठवडे वाट बघायची पद्धत होती. शंभरातल्या साधारण तिघांच्या हातावर ती जागा लाल होऊन सुजायची.