गाणं ओटिसचं, मग अरीथाचं कसं?

गाण्यांचा विषय निघाला की कुणीतरी हमखास विचारतं: 'रिस्पेक्ट' (म्हणजे मान) लिहिलं अमेरिकन गायक ओटिस रेडिंगने, आधी गायलंही त्यानेच, मग तुम्ही ते गायिका अरीथा फ्रँकलिनचं का म्हणता? आणि लगेच स्वतःच उत्तर देऊन मोकळं होतं: "आवाज तगडा ना तिचा!"

तगडा होताच. वडील डेट्रॉइटमध्ये धर्मोपदेशक, त्यांच्या चर्चमध्ये गातच ती वाढली. पण नुसत्या आवाजावर भागलं असतं, तर आधी कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीत काढलेली वर्षं तशी वाया गेली नसती. गळा तेव्हाही हाच होता.

ओटिसचं ध्वनिमुद्रण १९६५चं. भरधाव लय, ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं, सतत मागून रेटतायत. गाण्यातला बाप्या बायकोला सांगतो: पैसे कमावून आणतो, माझ्या माघारी काय हवं ते कर, पण घरी आलो की मला मान दे. गाणं झकासच आहे, त्याला कमी लेखणाऱ्याशी मी भांडेन. पण रुबाब कितीही आणला तरी आतून ती विनवणीच.

१४ फेब्रुवारी १९६७ला न्यूयॉर्कमध्ये, अटलांटिक या नव्या कंपनीच्या स्टुडिओत, अरीथा पियानोवर बसली. शब्द तिने फार बदलले नाहीत, पण बोलणारी बदलली. तू नसताना मी वाकडं वागणार नाही, आणि तेसुद्धा मलाच वागायचं नाही म्हणून. पैसे देणारीही तीच. आता त्याच मागणीत विनवणी कुठे उरते?

खरी करामत मात्र मागे उभ्या असलेल्या बायकांची. त्यांत अरीथाच्या सख्ख्या बहिणी, कॅरोलिन आणि अर्मा. ओटिसच्या मागे अधूनमधून 'हे हे' आहे, तेवढंच. इथे पोवाड्यातल्या झीलकऱ्यांसारखी ती मंडळी तिची ओळ उचलून धरतात, तिला पुढे ढकलतात, मध्येच 'री-री-री' करतात. 'री' हे अरीथाचं घरातलं लाडाचं नाव. एकटी बाई तक्रार करतेय असं वाटतच नाही, अख्खं घर तिच्या बाजूने उभं आहे. एकदा अरीथाकडे दुर्लक्ष करून फक्त त्यांनाच ऐका.

ओटिसच्या गाण्यात मधला वेगळा भाग नव्हता. अरीथाच्या गाण्यात त्या जागी वादक किंग कर्टिसचा सॅक्सोफोन येतो, तोही सॅम अँड डेव्ह या गायक जोडीच्या एका गाण्यावरून घेतलेल्या कॉर्डवर, म्हणजे स्वरांच्या जुळणीवर. स्वरपट्टीच बदलते, पाहुणा दार चुकल्यासारखा वाटतो. मग पुन्हा मूळ पट्टी, आणि वाद्यं अचानक थांबून थांबून वाजू लागतात. त्या मोकळ्या फटींत ती शब्दाचं एकेक अक्षर सुटं करून सुनावते: आर, ई, एस, पी... आज ज्या जागेवरून जग हे गाणं ओळखतं, ती ओटिसच्या गाण्यात नव्हतीच.

जूनमध्ये गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. ओटिसचं ३५पर्यंत पोचलं होतं. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियातल्या माँटेरीच्या संगीत महोत्सवात ते गाण्याआधी त्याने, एका मुलीने हे माझ्याकडून पळवलं, असं हसत सांगितलं. डिसेंबरमध्ये विमान अपघातात तो गेला.

आता व्यवहाराचं. अमेरिकेत रेडिओ केंद्रावर गाणं वाजलं की पैसे रचणाऱ्याला मिळतात, गाणाऱ्याला नाही. म्हणजे अरीथाचं 'रिस्पेक्ट' रेडिओवर लागलं की पैसे जमा व्हायचे ते ओटिसच्याच, आणि तो गेल्यावर त्याच्या वारसांच्या, खात्यात.