डिटेक्टर टक् करतो म्हणजे फोटॉन आला का?

मी युनिव्हर्सिटीच्या ऑप्टिक्स लॅबमध्ये एमेस्सीची प्रॅक्टिकल्स घेते. वर्गात आपण सगळेच एकच टेप वाजवतो, 1905 साली आइनस्टाइनने फोटोइलेक्ट्रिक इफेक्ट (प्रकाश पडला की धातूतून इलेक्ट्रॉन सुटतात तो) समजावला, प्रकाश कणांचा म्हणजे फोटॉनचा आहे, झालं, पुढचा टॉपिक. त्या दिवशी अगदी मंद प्रकाश मोजणाऱ्या डिटेक्टरांचा नवीन सेटअप पहिल्यांदा नीट चालत होता, खोलीत मिट्ट काळोख, दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबलेला, मोबाईल सगळे बाहेर (नुसती स्क्रीन पेटली तरी काउंट भडकतात), आणि स्पीकरवर टक्, टक्टक्, टक्. एका पोरीने विचारलं, मॅडम, हे टक् प्रकाशाचं की डिटेक्टरचं?

बरोबर दुखऱ्या जागी बोट. लाट सलग आली तरी डिटेक्टरमधला इलेक्ट्रॉन एकेकच सुटणार, मग टक् टक् होणारच की. 1969 मध्ये लॅम्ब आणि स्कली या भौतिकशास्त्रज्ञांनी नेमकं हेच दाखवलं, प्रकाश साधी लाट धरा, क्वांटमचे नियम फक्त अणूंना लावा, तरी थ्रेशोल्ड फ्रीक्वेन्सी (जिच्याखाली इलेक्ट्रॉन सुटतच नाहीत ती) येतेच. लॅम्ब नोबेलवाला माणूस, पण 1995 मध्येही त्याचा फोटॉन या शब्दावर राग होता.

मग आधी साधा लेसर फिल्टरांनी एकदम मंद करून बीम स्प्लिटरवर (प्रकाश दोन वाटांत विभागतो तो) टाकला, दोन्ही वाटांवर एकेक डिटेक्टर. दोन्ही एकदम वाजतात का बघायचं. वाजतात, योगायोगाने जितके वाजायला हवेत तितकेच, म्हणजे प्रत्यक्षातले आणि योगायोगाचे यांचं गुणोत्तर 1 च्या आसपास, आणि अजून मंद केला तरी 1 च. लेसर मंद केला की सिंगल फोटॉन सोर्स तयार, असं जे सर्रास ठोकून दिलेलं असतं ते इथेच आपटतं.

नंतर 405 नॅनोमीटरचा जांभळा लेसर बीबीओ नावाच्या क्रिस्टलमध्ये सोडला. त्यातून अगदी क्वचित 810 ची इन्फ्रारेड जोडी निघते, जोडीतला एक तिसऱ्या डिटेक्टरवर वाजला की दुसरा निघालाय हे कळतं, आणि स्प्लिटरमागचे दोघं फक्त त्याच क्षणी तपासायचे. साधी लाट असती तर ती दोन्हीकडे वाटली गेली असती आणि गुणोत्तर 1 च्या खाली उतरूच शकलं नसतं. आमचं उतरलं, चांगलंच खाली. पोरं अंधारात ओरडली. 1986 मध्ये फ्रान्समध्ये ग्रँजिए, रोजे आणि आस्पे यांना कॅल्शियमच्या अणूंपासून हेच गुणोत्तर 0.18 मिळालं होतं, तेव्हा ती केवढी मेहनत होती, आता क्रिस्टलमुळे पोरांच्या हाताला लागतं.

"म्हणजे कणच ना मॅडम?"

तर त्याच तिघांनी तोच सोर्स इंटरफेरोमीटरला (दोन वाटांनी गेलेला प्रकाश परत एकत्र आणतो तो) जोडला आणि लाटांचे असतात तसे पट्टे मिळाले, 98 टक्क्यांहून जास्त स्पष्ट. स्प्लिटरवर न फुटणारा फोटॉन तिथे दोन्ही वाटांचा हिशोब ठेवतो! असला कसला कण? हे ऐकून त्या पोरीने जर्नलमध्ये 'प्रकाश कण आहे' खोडलं आणि लिहिलं की लाटेचं जुनं गणित गुणोत्तराच्या या आकड्याला पुरत नाही. एक्स्टर्नलला पटेल की नाही कोण जाणे, मी सही ठोकली.