इंजिन सोपं, पत्रा अवघड : जुनी फियाट रस्त्यावर आणताना

जुनी गाडी बघायला गेलेला माणूस सगळ्यात आधी बॉनेट उघडतो. माझं म्हणणं, बॉनेट शेवटी उघडा. आधी पायाखालचं मॅट उचला, डिकीतली स्टेपनी बाहेर काढा आणि आरसी बुक मागा. १९९१ ची प्रीमियर पद्मिनी घेऊन ती रस्त्यावर आणेपर्यंत जो खर्च झाला आणि जी डोकेदुखी झाली, त्यात इंजिनाचा वाटा सगळ्यात कमी होता.

पद्मिनीच का, हा प्रश्न घरातल्यांपासून पेट्रोल पंपावरच्या पोरांपर्यंत सगळ्यांनी विचारला. मारुती ८०० स्वस्तात मिळाली असती आणि तिचे पार्ट गल्लोगल्ली मिळतात. पण मला पाना हातात घेऊन स्वतः काम करायचं होतं, आणि त्यासाठी फियाटसारखी गाडी नाही. (कागदोपत्री पद्मिनी, पण कोल्हापुरात तिला कोणी फियाट सोडून दुसरं काही म्हणत नाही.) १०८९ सीसीचं इंजिन, ताकद जेमतेम ४० अश्वशक्ती, साधा कार्ब्युरेटर, प्लगला ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंट आणि कंडेन्सर, स्टिअरिंगच्या दांड्यावर हँड गिअर. बॉनेट उघडलं की काय कुठं आहे ते दिसतं आणि हातही पोचतो. शिवाय ही गाडी आपल्या मुलखातली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० बनू लागली आणि सत्तरच्या दशकात तिचंच नाव पद्मिनी झालं.

शोध सुरू केल्यावर दोन प्रकारच्या गाड्या दिसल्या. एक प्रकार म्हणजे लग्नात भाड्यानं देण्यासाठी चकाचक रंगवलेल्या. आत नवीन सीट कव्हर, बाहेर क्रोम आणि किंमत ऐकून घाम फुटावा अशी. दुसरा प्रकार म्हणजे गोठ्यात, गोडाऊनमध्ये नाहीतर ताडपत्रीखाली झोपलेल्या. मला दुसरा प्रकार हवा होता. रंगवलेल्या गाडीत रंगाखाली काय आहे ते कळत नाही. धूळ खाणारी गाडी निदान खोटं बोलत नाही.

२०२३ चा पावसाळा सरल्यावर गडहिंग्लजकडच्या एका गावात ही मिळाली. मूळ मालक वारले होते. मुलाला गाडी चालवण्यात रस नव्हता आणि भंगारवाल्याला द्यायला जीव होत नव्हता. बघायला जाताना मी बापूंना सोबत घेतलं. बापू म्हणजे उद्यमनगर या कोल्हापुरातल्या कारखान्यांच्या वसाहतीतले जुने फिटर, सत्तरीला आलेले. त्यांनी बॉनेटकडे पाहिलंसुद्धा नाही. खिशातून फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं आणि दारांच्या खालच्या पट्टीवरून, चाकांच्या कमानींवरून ते फिरवत निघाले. चुंबक चिकटतं तिथं पत्रा आहे, घसरतं तिथं लांबी (पुट्टी) भरलेली आहे. डाव्या बाजूला मागच्या कमानीपाशी ते घसरलं, बाकी ठीक होतं. मग मॅट उचलून फ्लोअरवर पेचकसाच्या मुठीनं ठोकत गेले. ड्रायव्हरच्या पायाखाली आवाज बदलला. जॅक लावायच्या जागेजवळ पत्र्याचे पापुद्रे सुटत होते.

मी म्हटलं, "बापू, इंजिन फिरतंय का ते तरी बघूया."

"साहेब, इंजिन काय, उतरून परत बसवता येतंय. पत्रा गेला की गाडी गेली."

या म्हणण्यामागं कारण आहे. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. फ्लोअर, बाजूच्या पट्ट्या आणि छत मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. तिथं गंज पोचला की दारं नीट लागत नाहीत, चाकांची अलाइनमेंट टिकत नाही आणि जॅक लावला की जॅक आत जातो, गाडी जागेवरच राहते. आमच्या गाडीचा गंज दुरुस्त होण्यातला होता, म्हणून पुढचं बोलणं सुरू केलं.

आता कागद. चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिले. जुन्या फियाटला कुणीतरी कधीतरी दुसरं इंजिन बसवलेलं असणं नवीन नाही, आणि त्याची नोंद पुस्तकात नसेल तर पासिंगच्या वेळी अडकायला होतं. इथं नंबर जुळले. पण नोंदणीची मुदत २०२१ मध्येच संपलेली, आणि पुस्तकावर नाव वारलेल्या मालकांचं. अशी गाडी थेट आपल्या नावावर होत नाही. आधी वारसाच्या नावावर, त्यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांची संमती. मग नेहमीचे विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०. मी अट घातली : वारसाची नोंद झाल्याशिवाय पूर्ण रक्कम नाही. मुलगा समंजस होता, बहिणींच्या सह्या त्यानंच गोळा केल्या. हे पैसे देऊन झाल्यावर सुरू केलं असतं, तर सह्यांसाठी मी अजून फिरत असतो.

गाडी टेम्पोवर चढवून आणली. नोंदणी संपलेली गाडी टोचन लावून शंभर किलोमीटर ओढत आणायची नसते, आणि ब्रेक नसलेली तर मुळीच नाही.

घरी आणल्यावर सगळ्यांना घाई असते ती स्टार्टर मारून बघायची. तो मोह टाळला. वर्षानुवर्षं उभ्या इंजिनात रिंगा सिलिंडरच्या भिंतीला धरतात. तशात बॅटरी लावून फिरवलं तर रिंग तुटते नाहीतर भिंतीवर ओरखडा जातो. प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये थोडं थोडं इंजिन ऑइल सोडलं आणि तसंच मुरू दिलं. मग क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून हातानं हळूहळू फिरवलं. फिरलं. नवीन ऑइल, नवीन फिल्टर, आणि मगच सिलिंडरमधला दाब मोजायचं कॉम्प्रेशन गेज. तीन सिलिंडर बरे आले, तिसऱ्या नंबरचा फारच खाली. इथं एक सोपी परीक्षा आहे : त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. आकडा वर चढला तर दोष रिंगांचा, कारण ऑइलनं फट बुजली. नाही चढला तर बहुधा व्हॉल्व्ह गळतोय. आमचा आकडा जागचा हलला नाही, म्हणजे हाफ इंजिन (पिस्टन-रिंगांचं काम) करायची गरज नव्हती, सिलिंडरवरचं हेड उतरवून भागणार होतं.

या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं विहिरीचं पाणी घातलं की हेडमधल्या पाण्याच्या वाटा आतून खाल्ल्या जातात. हेड उतरवल्यावर ते दिसलंच, पण वेल्डिंग करून वाचवण्याइतकं ते शाबूत होतं. उद्यमनगरात हेड फेस करून घेतलं, व्हॉल्व्ह ग्राइंड करून लॅप केले, गॅस्केट नवीन. कोल्हापुरात राहण्याचा हा फायदा. शेतीपंप आणि ऑइल इंजिनांवर वाढलेली ही वसाहत आहे, इथं लेथवाल्याला नमुना दाखवला की तो "कुठल्या गाडीचं?" असंही विचारत नाही, बुश करून देतो. आता रेडिएटरमध्ये कूलंट असतं, आणि ते मी वेळच्या वेळी बदलतो.

कार्ब्युरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा पिवळा डिंक साचला होता, जेट तुंबलेले. ते साफ करणं म्हणजे रविवार सकाळचं काम. पेट्रोलची टाकी मात्र उतरवावी लागली, कारण आतला गंज निघत नाही तोवर कार्ब्युरेटर कितीही धुवा, तो पुन्हा तुंबणार.

ब्रेकचं काम मी एकट्यानं केलं नाही आणि तुम्हीही करू नका. चारही चाकांना ड्रम, बूस्टर नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे उभ्या गाडीचे व्हील सिलिंडर आतून गंजतात. किट टाकून काही वाचले, काही बदलले. रबरी होज तर डोळे मिटून बदलायचे : बाहेरून ठीक दिसतात, पण आतून फुगलेले असतात, मग पाय काढल्यावरही ब्रेक सुटत नाही. टायरवरच्या चार आकड्यांतले शेवटचे दोन आकडे टायर कुठल्या वर्षी बनला ते सांगतात. आमच्या टायरची नक्षी जवळपास नवी होती आणि वर्ष होतं ०९. टाकून दिले. पुढं किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं ती. चाक उचलून वर-खाली धरून हलवलं की खेळ कळतो. या गाडीला ग्रीसिंग हवंच. टॅक्सीवाले ते नेमानं करायचे, हौशी मालक विसरतात, आणि मग "फियाटचं स्टिअरिंग जड" अशी बदनामी गाडीची होते.

पार्टसाठी पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउसची दुकानं आणि कुर्ल्याचा जुन्या पार्टचा बाजार. दुकानदार एकच गोष्ट सांगतात : मुंबईची टॅक्सी होती तोवर फियाटचा पार्ट होता. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. मी गाडी घेतली ती नेमकी त्याच सुमारास. काउंटरवरचा जुना माल अजून निघतो, पण मिळेल तेव्हा घेऊन ठेवायचा. पॉइंट दिसले की मी जोडी घेतो. नकली पॉइंटची टाच (हिल) लवकर झिजते आणि गाडी भर चौकात मिसफायर करू लागते.

पत्र्याला सगळ्यात जास्त वेळ आणि एकूण खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग गेला. पहिल्या गॅरेजवाल्यानं गंजावरच लांबी भरून "एकदम नवीन करून देतो" म्हटलं. त्याच्याकडून गाडी तशीच परत आणली. दुसऱ्या मिस्त्रींनी सडलेला भाग कापून काढला, तितक्याच जाडीचा पत्रा ठोकून आकार दिला आणि जोड मारला. त्यांना मी रोज संध्याकाळी जाऊन फोटो काढतो याचा आधी राग यायचा, नंतर तेच "आजचं काढला का?" असं विचारू लागले. खालून अँटिरस्ट कोटिंग. रंग मूळचाच ठेवला, क्रीम. रंग बदलला तर आरसीवर नोंद करावी लागते, आणि तसंही फियाटला मेटॅलिक रंग देणाऱ्यांशी माझं जमत नाही.

सीट, छताचं कापड, दारांचे रबर यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पैसे दिले, झालं.

पासिंगचा हिशेब मात्र आधी करून ठेवावा. खासगी गाडीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० झाली होती. त्यावर उशिराच्या प्रत्येक महिन्याला ५०० रुपये, म्हणजे बंद पडलेल्या वर्षांचा आकडा फीच्या कितीतरी पट होतो. शिवाय पर्यावरण कर. ऑगस्ट २०२५ पासून तर वीस वर्षांवरच्या मोटारीची नूतनीकरण फी १०,००० झाली आहे. 'विंटेज' नोंदणीचा मार्ग मला कुणीतरी सुचवला, पण २०२१ च्या त्या नियमाला गाडी पन्नास वर्षांवरची लागते; माझी २०४१ मध्ये पात्र होईल. विमा फक्त थर्ड पार्टी. तिथंही गंमत आहे : जून २०२२ च्या दरांनुसार हजार सीसीच्या वर गेलं की हप्ता २,०९४ वरून ३,४१६ वर जात होता, वर जीएसटी. वरच्या ८९ सीसीचे एवढे पैसे.

पीयूसीला कार्बन मोनॉक्साइड तीन टक्क्यांच्या आत हवा. बापूंनी कार्ब्युरेटरचा मिक्श्चर स्क्रू कानानं लावला, मशीननं आकडा दाखवला तो मर्यादेच्या बराच खाली. मशीनवाला पोरगा बापूंकडे बघत राहिला. बापू म्हणाले, "तुझं मशीन बरोबर आहे म्हणायचं."

इन्स्पेक्टरसाहेबांनी हॉर्न, वायपर, लाइट, ब्रेक पाहिले, चासी नंबरचा ठसा घेतला आणि स्वतः बसून हँड गिअर टाकून बघितला. पहिला गिअर त्यांना सापडेना. तो कसा टाकायचा, हे मी सांगितलं.

आता गाडी आठवड्यातून दोनदा निघतेच. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल टाकीत पडून राहिलं तर ओल धरतं आणि जुनं रबर खातं, म्हणून पेट्रोलच्या नळ्या इथेनॉल चालणाऱ्या टाकल्यात आणि मेकॅनिकल पंपाचा जास्तीचा डायफ्राम डिकीत ठेवलाय. सोबत पॉइंट, कंडेन्सर, फॅन बेल्ट, पाण्याचा कॅन आणि एक जुनं फडकं. उन्हाळ्यात गगनबावड्याच्या घाटात पंप तापून पेट्रोलची वाफ होते आणि गाडी धापा टाकत थांबते. तेव्हा फडकं भिजवून पंपावर ठेवायचं, चहा प्यायचा, परत स्टार्टर. पुढचं काम मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) बुशचं आहे. उद्यमनगरात नमुना देऊन ठेवलाय, लेथवाल्यानं गुरुवारी बोलावलंय.