हेलंगचा दगड आणि आईंच्या वाती

परवा माळा आवरताना चपलांचं एक जुनं खोकं हाती लागलं. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेला मूठभर दगड, त्यावर माझ्याच अक्षरात ‘हेलंग, मे २००४’. एवढंच. उत्तर दिशा दाखवणारा बाण नाही, दगडातल्या अभ्रकाच्या पत्र्यांचा कल नाही. भूविज्ञानाच्या एमएस्सीच्या त्या सहलीत बस हॉर्न देत होती म्हणून मी घाईत हातोडा मारून तो तसाच पिशवीत टाकला होता. आमच्या धंद्यात याला माफी नाही.

हेलंग म्हणजे जोशीमठच्या अलीकडचं, अलकनंदेच्या काठचं गाव. आर्नोल्ड हाइम आणि आउगुस्टो गान्सर हे स्विस भूवैज्ञानिक १९३६ साली या भागात फिरले आणि हिमालयाच्या पोटातला मोठा थ्रस्ट (एक खडक दुसऱ्यावर चढून सरकतो तो तडा), ‘मेन सेंट्रल थ्रस्ट’, त्यांनी इथे दाखवला. पुढे भूवैज्ञानिक खड्गसिंह वल्दियांनी त्याची नकाशावरची रेघ आणखी वर, जोशीमठच्या बाजूला ‘वैक्रिता’ थ्रस्टवर नेली. भांडण अजून मिटलेलं नाही, आणि मला विचाराल तर एकच रेघ मागण्यात अर्थ नाही. दोन्ही रेघांच्या मधला पट्टाच्या पट्टा सरकताना कणकेसारखा मळला गेलाय.

पुण्यात वाढलेल्या मुलीला हे पचायला वेळ लागतो. आपल्या वेताळ टेकडीच्या खाणीत उभं राहा, लाव्ह्याचे थर एकावर एक आडवे. साडेसहा कोटी वर्षं होत आली, जागचे फारसे हललेले नाहीत. मळलेला दगड आम्ही पाहिला तो प्रयोगशाळेतल्या लाकडी पेट्यांत.

मी दगड टेबलावर ठेवला तेव्हा सासूबाई समईच्या वाती वळत होत्या. “अगं, याला डोळे आहेत!” आहेतच. फेल्डस्पार या खनिजाचे पांढरे डोळे, भोवती अभ्रकाच्या लाटा, आणि प्रत्येक डोळ्याला दोन शेपट्या, एका बाजूची वरून निघालेली, दुसऱ्या बाजूची खालून. मी म्हटलं, “आई, तुमच्या हातात चाललंय तेच. खालचा तळवा मागे, वरचा पुढे, मधला कापूस फिरतो.” हेलंगला वरचा तळवा दक्षिणेकडे गेला. हे शेपट्यांवरून वाचता येतं, पण दगडाची वरची बाजू कुठली हे माहीत असेल तरच. वळलेली वात हातातून खाली पडल्यावर कोणता तळवा कुठे गेला ते कोण सांगणार?

“किती वर्षांचा?” हा त्यांचा पुढचा प्रश्न. इथे गंमत आहे. या पट्ट्यातल्या अशा दगडांतले झिरकॉन या खनिजाचे कण युरेनियम-शिशाच्या घड्याळाने (युरेनियमचं हळूहळू शिसं होतं, त्यावरून) १८० कोटींच्या आसपास वय सांगतात. ते मूळ ग्रॅनाइट गोठल्याचं वय. मळणं फार नंतरचं. थ्रस्टची मुख्य हालचाल साधारण २ कोटी वर्षांपूर्वीची धरतात, आणि खालच्या भागात तर १ कोटीच्या अलीकडचेही आकडे येतात.

अभ्रकाचं घड्याळ वेगळंच. त्यातल्या पोटॅशियमचा आर्गॉन वायू होतो, पण दगड तापलेला असेतो तो निसटतो. शिटी न लावलेल्या कुकरसारखं. पांढऱ्या अभ्रकाची शिटी ४०० अंशांच्या आसपास बसते, काळ्याची ३०० च्या. म्हणजे तारीख येते ती बहुधा निवण्याची, मळण्याची नव्हे. अपवाद एक: शेपटीतलं बारीक अभ्रक शिटीच्या तापमानाखालीच, मळताना उगवलं असेल, तर तेच खरं साक्षीदार. ते जुन्या पत्र्यांपासून निवडायचं म्हणजे तांदळातले खडे वेचण्याहून वाईट.

माझ्या प्रबंधात मी छापील आकड्यांची तुलना केली होती, त्यात काळं अभ्रक पांढऱ्याहून म्हातारं निघालं होतं. काळ्याची शिटी तर नंतर बसते! मी त्यावर दोन पानं सिद्धान्त रचला. सरांनी लाल पेनाने आडवी रेघ मारून लिहिलं, “बाहेरचा आर्गॉन.” काळं अभ्रक भोवतालच्या द्रवातला वायूही पोटात घेतं आणि वय फुगवून सांगतं. दोन पानं गेली.

आईंना मी तिन्ही वयं सांगितली. त्या म्हणाल्या, “म्हणजे जन्म, लग्न आणि निवृत्ती.” मी वर्गात इतकं नेमकं कधी सांगितलं नव्हतं.

आता दगड देवघरात असतो, पंख्याने वाती उडू नयेत म्हणून. झाडताना त्या तो उचलतात आणि रोज वेगळ्याच बाजूवर ठेवतात.