तुम्ही विचारलंत म्हणून: शिकागोचा जादूगार आणि पूर्व भागातली भानामती

"बाई, तुम्ही शाळाशाळांत नारळ पेटवून दाखवता, भूतबित काही नसतं म्हणून सांगता, आणि घरी त्या जादूगार डिटेक्टिव्हची मालिका परत परत बघता. हे कसं काय?"

हा प्रश्न मला शिबिरात विचारतात, जुने विद्यार्थी भेटले की विचारतात, परवा आमच्या गल्लीतल्या किराणावाल्यानंही विचारला. आजवर मी "आवडते म्हणून बघते" एवढंच सांगून वेळ मारून नेत आले. पण खरं उत्तर त्याहून मोठं आहे, आणि ते नीट सांगायची माझी इच्छा आहे.

आधी मालिकेबद्दल. नाव 'द ड्रेस्डेन फाइल्स'. जिम बुचर या लेखकाच्या कादंबऱ्यांवर बेतलेली. पहिली कादंबरी 2000 साली आली. मालिका अमेरिकेत साय-फाय वाहिनीवर 21 जानेवारी 2007 रोजी सुरू झाली आणि 15 एप्रिलला संपली. अवघे 12 भाग. पुढचा हंगाम काही निघाला नाही. हॅरी ड्रेस्डेन हा शिकागोत राहणारा जादूगार, पॉल ब्लॅकथॉर्न या नटाने केलेला. त्याची जादू खरी आहे, पण धंदा खाजगी डिटेक्टिव्हचा. कादंबरीत त्याच्या हातात जादूगाराची काठी असते. मालिकेत तिच्या जागी हॉकी स्टिक आहे आणि छडीच्या जागी ढोल वाजवायची काडी. हे मला फार आवडलं. झब्बा नाही, जटा नाही, माळा नाहीत. भाड्याच्या जागेत राहणारा, पैशाची ओढाताण असलेला साधा माणूस.

पोलीस खात्यातली मर्फी त्याला अवघड गुन्ह्यांत बोलावते. तिचा जादूवर विश्वास नाही. तिला कोर्टात टिकेल असा पुरावा हवा असतो. दोघांची ओढाताण बारा भाग चालते आणि मला दर वेळी दोघांचंही पटतं.

मुलाने ही मालिका 2009 साली त्याच्या लॅपटॉपवर मला दाखवली. तेव्हा मी शाळेत विज्ञान शिकवत होते, आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात पडून दहाएक वर्षं झाली होती. पहिल्याच भागात एक लहान मुलगा हॅरीकडे येतो. राक्षस आपल्या मागे लागलेत, असं त्याचं म्हणणं. ते बघताना मी लॅपटॉप थांबवायला सांगितला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच पाणी पीत उभी राहिले. का, ते सांगायचं तर दहा वर्षं मागे जावं लागेल.

1999 साली आमच्या जिल्ह्यातल्या एका गावात एका घरावर दगड पडत होते. दिवेलागणीला पत्र्यावर धडाधड आवाज. घरात तांदळाचे दाणे विखुरलेले, अंगारे, उलट्या बाहुल्या. आपल्याकडे याला भानामती म्हणतात. सोलापूर, मराठवाडा आणि पलीकडच्या कर्नाटकात हा शब्द उच्चारला तरी बाया पोरांना पदराखाली घेतात. कुठे कपडे आपोआप पेटतात, कुठे अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठतात, कुठे डोळ्यांतून खडे निघतात. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की काळे डाग आणि फोड येतात, त्याला मंत्र लागत नाही, पण फुल्या बघणाऱ्याला हे कोण सांगणार?

दोन दिवसांत मला कळलं की दगड त्या घरची धाकटी सून टाकत होती. मी तिला अंगणात सगळ्या गावादेखत उभं केलं. दगड कुठून उचलले, कधी टाकले, सगळं उलगडून सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, सरपंचांनी हार घातला. पंधरा दिवसांनी समजलं की तिला माहेरी पाठवली, ती कायमची. ती दगड का टाकत होती हे मी तिला विचारलंच नव्हतं. मला फक्त कोण आणि कसं एवढंच शोधायचं होतं. ही चूक माझी एकटीची. मागून मला जुन्या कार्यकर्त्यांकडून कळलं की भानामतीच्या घरात नेमकं हेच करायचं नसतं. घरातल्या प्रत्येकाशी एकेकट्याशी बोलायचं, करणाऱ्याचं नाव चारचौघांत कधीच फोडायचं नाही, कारण ते करणारं माणूस बहुतेकदा स्वतःच आतून मोडलेलं असतं. पण डोक्याला कळणं वेगळं आणि हाडीमासी भिनणं वेगळं.

ते माझ्यात भिनलं त्या मालिकेमुळे. हॅरीच्या दारात येणारं माणूस आधीच दहा ठिकाणी हसण्यावारी गेलेलं असतं. हॅरी त्याला बसवून घेतो. काय दिसलं, कधी दिसलं, त्या वेळी घरात कोण होतं, एकेक विचारत जातो. भ्यालेल्या माणसाची भीती खरी आहे, एवढं तो धरून चालतो. भीती कशाची, ते मग शोधायचं.

पुढच्याच वर्षी सोलापूरच्या पूर्व भागातून मला बोलावणं आलं. पूर्व भाग म्हणजे आमचा यंत्रमागांचा भाग, चादरी आणि टॉवेल विणणारा, घरोघरी तेलुगू बोलणारा. एका खोलीचं घर. मागच्या भिंतीपलीकडे माग चालू, त्याच्या खडखडाटाने भांड्यांची फळी सतत थरथरत होती. दारात आई मांडीवर सूप घेऊन बसलेली. भिजवलेलं तेंदूचं पान पत्र्याच्या मापावर ठेवायचं, कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजार बिड्यांवर. माझ्याशी बोलतानाही तिचे हात थांबले नाहीत.

"कपडे पेटतात मॅडम. दोरीवरचे, पेटीतले पण. काय करायचं सांगा की."

एक बाबा येऊन गेला होता. बोकड आणि पाच हजार रुपये मागत होता. अव्वांनी, म्हणजे आजींनी, पाटल्या मोडायची तयारी ठेवली होती.

मी या वेळी काहीच दाखवलं नाही. पिशवीतली सोडियमची, म्हणजे पाणी लागताच पेट घेणाऱ्या धातूची, बाटली बाहेरही काढली नाही. जळलेल्या वस्तू तेवढ्या बघायला मागितल्या. त्यांनी एक गाठोडं पुढ्यात सोडलं: वडिलांचा सदरा, अव्वांचं लुगडं, आईच्या दोन साड्या, एक उशी, आणि तळाशी एक नवं कोरं सूप, अर्धं जळलेलं. ते सूप मी बराच वेळ हातात धरून बसले. बिड्या वळणाऱ्या घरात आईचं सूप जुनं, हाताच्या तेलाने काळपट झालेलं असतं. मग हे नवं कुणासाठी आणलं होतं? आणि गाठोड्यात शाळेचा युनिफॉर्म नव्हता. दप्तर नव्हतं. एक वहीसुद्धा नाही.

घरात आठवीतली एक मुलगी होती.

मी तिसऱ्यांदा गेले तेव्हा ती माझ्याशी बोलली. तेही घरात नाही, पाण्याचा हंडा घेऊन आम्ही दोघी नळावरून येताना. "बाई, परीक्षा झाली की माझी शाळा सुटणार हाय." एवढंच एक वाक्य. बाकीचं मला सूप सांगून गेलं होतं. मी तिला कपड्यांबद्दल चकार शब्द विचारला नाही. घरी येऊन सगळ्यांना सांगितलं की आता हे थांबेल, बोकड लागणार नाही, पण पोरीला शाळेत जाऊ द्यावं लागेल. वडील गप्प राहिले. आई पहिल्यांदाच हातातलं पान ठेवून माझ्याकडे बघत राहिली. तिला सगळं कळलं होतं, आधीपासूनच कळलं असावं. त्यानंतर त्या घरात काही पेटलं नाही. मुलगी दहावी झाली. कपडे कोणी पेटवले हे त्या घरात कोणी कुणाला विचारलं नाही, आणि मीही आजवर त्या घराचा पत्ता कुणाला दिला नाही.

मालिकेतल्या प्रत्येक भागात शेवटी खरंच काहीतरी अमानवी निघतं. मी गेलेल्या घरांत दर वेळी माणूसच निघाला. हा फरक मला पक्का ठाऊक आहे, आणि मालिका बघताना तो एक क्षणही सुटत नाही. गोष्ट मला आधीच सांगते की मी गोष्ट आहे. बाबा तसं सांगत नाही. तो रॉकेलमध्ये जपून आणलेला सोडियमचा तुकडा नारळाच्या शेंडीत लपवतो, वरून तीर्थ शिंपडतो आणि जाळ निघाला की देवाचं नाव घेतो.

लहानपणी सिद्धेश्वरांच्या गड्ड्यात, म्हणजे सोलापूरच्या जत्रेत, होम मैदानावर, संक्रांतीच्या दिवसांत जादूगाराचा तंबू लागायचा. आप्पा आम्हाला मिरवणुकीतल्या उंच काठ्या, म्हणजे नंदीध्वज, दाखवून झाले की तिथे न्यायचे. तो जादूगार खेळ संपताना हात जोडून सांगायचा की ही हातचलाखी आहे, घरी जाऊन कुणी कुणाला घाबरू नका. हॅरीचे वडीलही मालिकेत असेच रंगमंचावरचे जादूगार आहेत, सगळी कला हाताच्या सफाईची. खरी जादू त्याच्या आईच्या घराण्यातून आलेली, आणि सगळा अनर्थही तिकडूनच, त्याच्या मामाकडून. हॅरी मोठा होऊनही वडिलांनाच मनात धरून असतो. त्या प्रसंगांत मला आप्पांचा हात हातात असल्यासारखं वाटतं.

आणखी एक सांगायला हवं. त्या जगात जादूगारांवर कायदा आहे. त्यांची एक परिषद आहे आणि मॉर्गन नावाचा तिचा पहारेकरी हॅरीवर सतत डोळा ठेवून असतो. हॅरीला सल्ला देणारा बॉब तर शिक्षा भोगणारं भूतच आहे. मेलेल्या प्रेयसीला काळ्या जादूने उठवल्याबद्दल तो स्वतःच्या कवटीशी कायमचा जखडला गेलाय. आम्हाला असा कायदा मिळायला वर्षानुवर्षं मोर्चे काढावे लागले. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. सहा महिने ते सात वर्षं कैद, पाच हजार ते पन्नास हजार दंड. डॉक्टर गेले त्या दिवशी मी शाळेत तास घेऊ शकले नाही. मुलांना नुसतं वाचत बसा म्हणाले.

गेल्या महिन्यात एका शाळेत प्रयोग झाले. नारळ पेटला, हळदीच्या कागदावर चुन्याचं पाणी पडून लाल धार उतरली, पोरांनी बाकं बडवली. सगळे गेल्यावर सातवीतला एक मुलगा दाराशी तसाच उभा. त्याने टाळ्या वाजवल्या नव्हत्या, मी वर्गातच पाहिलं होतं.

"बाई, तुमचं सगळं खरंय. पण आमच्या घरी रात्री कोणतरी चालतं."

मी बाटलीचं झाकण लावलं, पिशवी बाकाखाली सरकवली आणि त्याला शेजारी बसवलं.

"कधीपासून? आणि त्या वेळी घरात कोण कोण जागं असतं?"